एक गाठ आणि वीस टक्क्यांचा वाद

शरीरक्रियाशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत अधिवृक्क ग्रंथीच्या प्रकरणाच्या शेवटी ‘कॉन सिंड्रोम’ या नावाखाली चार-सहा ओळी असतात. मूत्रपिंडाच्या टोकावर टोपीसारखी बसलेली ही ग्रंथी. तिच्या बाहेरच्या थरात गाठ होते. गाठीतून अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक जादा पाझरते. रक्तदाब चढतो, रक्तातले पोटॅशियम उतरते. गाठ काढली की रोगी बरा. शेवटी ‘दुर्मिळ’ असा एक शब्दाचा शेरा. विद्यार्थी त्या ओळी पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

या ओळींमागचे संशोधन आम्ही येथे तपासून पाहणार आहोत. संशोधकाचे चरित्र सांगण्याचा आमचा हेतू नाही. त्याने काय म्हटले, कशाच्या आधारावर म्हटले आणि कोठे तो हाती असलेल्या पुराव्यापेक्षा पुढे गेला, एवढेच पाहायचे आहे. कारण ‘दुर्मिळ’ हा शेरा चुकीचा होता. तो काही दशके टिकला आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

घामातले मीठ

डॉ. जेरोम कॉन (१९०७–१९९४) हे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातले वैद्यक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना पॅसिफिक महासागरातील उष्ण आणि दमट बेटांवर लढावे लागत होते. माणूस उष्म्याला ‘सरावतो’ म्हणजे त्याच्या शरीरात नेमके काय बदलते, हा प्रश्न त्यामुळे निकडीचा झाला. कॉन यांनी स्वयंसेवकांना गरम खोलीत ठेवले आणि त्यांच्या घामातले सोडियम मोजले. सुरुवातीला घामावाटे भरपूर मीठ जाते, पण काही दिवसांतच ते पुष्कळ कमी होते, असे त्यांना दिसले. वैशाखात शेतात राबणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर उमटणारी मिठाची पांढरी नक्षी आपल्या परिचयाची आहे. हे मीठ खर्च करताना शरीर गरजेप्रमाणे हात आखडता घेऊ शकते.

हा हात आखडता घ्यायला कोण सांगते? अधिवृक्क ग्रंथीतून मीठ राखणारे एखादे संप्रेरक त्या काळात जादा स्रवत असावे, असा कॉन यांचा तर्क होता. त्या जातीचे कृत्रिम संप्रेरक टोचले तर घामातले सोडियम तसेच घटते, हेही त्यांनी पाहिले. मात्र शरीरातले खरे संप्रेरक तोवर कोणाच्याच हाती लागलेले नव्हते.

ते काम लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी केले. स्वित्झर्लंडमधील राइखश्टाइन आणि त्यांचे सहकारी यांच्या मदतीने १९५३ मध्ये या संप्रेरकाचे शुद्ध स्फटिक मिळाले. त्यासाठी गुरांच्या सुमारे ५०० किलो अधिवृक्क ग्रंथी लागल्या आणि हाती आले वीसएक मिलिग्रॅम. कॉन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाच्या पायात हे दगडही आहेत. पाठ्यपुस्तकातल्या त्या चार-सहा ओळींत त्यांना क्वचितच जागा मिळते.

२२७ दिवस

१९५४ च्या एप्रिलमध्ये कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. सात वर्षे तिचे स्नायू आखडत होते. अधूनमधून पायांतले बळ पूर्णपणे जाई आणि काही काळाने परत येई. रक्तदाब वाढलेला होता आणि रक्तातले पोटॅशियम फार उतरलेले होते. अशा रुग्णांकडे त्या काळी मूत्रपिंडाचा विकार म्हणून पाहिले जाई. मूत्रपिंड बिघडले आहे म्हणून ते पोटॅशियम गमावते, अशी ती समजूत होती.

कॉन यांनी तिचा घाम तपासला. त्यात सोडियम अगदीच कमी होते. उष्म्याला सरावलेल्या सैनिकाच्या घामात दिसावे तसे हे चित्र होते, पण ही स्त्री तर कोणत्याही गरम खोलीत राहिलेली नव्हती. म्हणजे गरज नसताना तिच्या ग्रंथी मीठ राखण्याचा हुकूम सोडत होत्या. लघवीतही मीठ राखणारे द्रव्य फार मोठ्या प्रमाणात सापडले. अधिवृक्काची इतर संप्रेरके मात्र नेहमीच्या मर्यादेत होती. एकूण २२७ दिवस तिच्या आहारातले आणि उत्सर्गातले क्षार मोजून नोंदवण्यात आले.

येथे आमच्या मते या संशोधनाचा सर्वांत भक्कम भाग येतो. २९ ऑक्टोबर १९५४ रोजी शिकागो येथे एका वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अध्यक्षपदावरून बोलताना कॉन यांनी जाहीर केले की हा एक नवा रोग आहे, त्याचे मूळ अधिवृक्क ग्रंथीत आहे आणि त्याला ‘प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम’ म्हणावे. त्या वेळी रुग्णाचे पोट उघडलेले नव्हते. शस्त्रक्रिया १० डिसेंबरला झाली. दोन्ही ग्रंथी काढून टाकायच्या, अशी तयारी होती. शल्यविशारद विल्यम बॉम यांना उजव्या ग्रंथीत चार सेंटिमीटरची गाठ सापडली. त्यांनी ती काढली आणि रुग्णाच्या क्षारांचा बिघाड व रक्तदाब दोन्ही सुधारले. १९५५ च्या जानेवारीत हा सारा वृत्तांत छापून आला.

आधी भाकीत, मग कसोटी, असा हा क्रम आहे. मूत्रपिंडाचा दोष असता तर ग्रंथी काढून पोटॅशियमची गळती थांबली नसती. कॉन सर्वांसमोर खोटे पडले असते. खोटे पडण्याची तयारी ठेवून केलेले विधान म्हणजे काय, हे वर्गात समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

पण दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. गाठ इतकी मोठी निघाली हे नशीब. अशा गाठी बहुधा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असतात. शल्यविशारदाच्या नजरेतून ती सुटली असती तर दोन्ही ग्रंथी गेल्या असत्या आणि ती स्त्री जन्मभर बाहेरून दिलेल्या संप्रेरकांवर जगली असती. शिवाय कॉन या मार्गाने जाणारे पहिलेच होते, असेही नाही. पोलंडमधील मिखाउ लिटिन्स्की यांनी १९५३ मध्येच अधिवृक्कातील गाठ आणि वाढलेला रक्तदाब यांची जोडी असलेल्या रुग्णांची नोंद पोलिश भाषेत प्रसिद्ध केली होती. संप्रेरकाचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता, तो कॉन यांनी दिला. म्हणून श्रेयाचा मोठा वाटा कॉन यांना द्यावा लागतो, मात्र लिटिन्स्की यांचे नाव गाळून तो देऊ नये.

पंप आणि हाक

पुढचा वाद समजण्यासाठी या संप्रेरकाची व्यवस्था पाहू. शाळेच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. टाकी रिकामी होऊ लागली की वरचा माणूस खाली हाक देतो, “पंप सुरू करा!” टाकी भरली की हाक थांबते आणि पंपही बंद होतो. शरीरात ही हाक मूत्रपिंड देते. तिचे नाव रेनिन. रक्ताचा दाब किंवा मिठाचा साठा कमी वाटला की मूत्रपिंड रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन बनते आणि त्याच्या सांगण्यावरून अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन स्रवते. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला सोडियम राखायला आणि पोटॅशियम टाकून द्यायला लावते. सोडियमबरोबर पाणी राहते, दाब वाढतो, हाक थांबते.

आता कोणी हाक मारलेली नसताना पंप चालूच राहिला तर? टाकी वाहू लागते. हाक शून्य आणि पंप जोरात, म्हणजे रेनिन कमी आणि अल्डोस्टेरॉन जास्त, ही या रोगाची खूण. पंप जोरात आहे आणि हाकही जोरात आहे, तर दोष पंपाचा नाही. पाणी दुसरीकडे कोठे तरी कमी पडते आहे. या रोगात रेनिन दबलेले असते, हे कॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखवले. हा त्यांच्या कामातला दुसरा भक्कम टप्पा.

अल्डोस्टेरॉन हे काही विष नव्हे, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. दक्षिण अमेरिकेतील यानोमामो आदिवासींच्या आहारात मीठ जवळजवळ नसते. त्यांच्या शरीरात अल्डोस्टेरॉन आणि रेनिन दोन्ही भरपूर आढळतात, पण रक्तदाब कमीच असतो आणि वयाबरोबर वाढतही नाही. म्हणजे नुसते संप्रेरक मोजून भागत नाही. ते गरजेच्या मानाने जास्त आहे का, हे पाहावे लागते.

वीस टक्के

येथवर कॉन पुराव्याला धरून चालले. १९६४-६५ च्या सुमारास त्यांनी मोठी उडी घेतली. ज्या उच्च रक्तदाबाचे कारण सापडत नाही, त्याला डॉक्टर ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’ म्हणतात. अशा रुग्णांपैकी वीस टक्क्यांपर्यंत लोकांना खरे तर हाच रोग असावा, असे कॉन यांनी सुचवले. त्यांतल्या अनेकांचे पोटॅशियम नेहमीइतकेच असेल, त्यामुळे तो ओळखू येत नसेल, असेही ते म्हणाले. रक्तदाबाच्या दर पाच रुग्णांतला एक शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो, असा त्याचा अर्थ होत होता.

याला आधार काय? एक आधार शवविच्छेदनाच्या नोंदींचा होता. उच्च रक्तदाब असलेल्या मृतांपैकी सुमारे वीस टक्क्यांच्या अधिवृक्कात गाठी आढळतात, असे त्या नोंदी सांगत होत्या. पण गाठ असणे आणि त्या गाठीतून संप्रेरक पाझरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिवृक्कातल्या निरुपद्रवी गाठी रक्तदाब नसलेल्या माणसांतही सापडतात आणि वयाबरोबर त्यांचे प्रमाण वाढते. आज सीटी स्कॅनमध्ये त्या योगायोगाने दिसतात, तेव्हा त्यांतल्या बहुतेक काहीच करीत नाहीत असे आढळते. वर्गातल्या वीस मुलांच्या खिशात पेन आहे म्हणून वीस मुलांनी निबंध लिहिला, असे म्हणता येणार नाही. कॉन यांच्या अनुमानात नेमका हा दोष होता.

टीका झाली आणि ती योग्यच होती. डॅलसचे नॉर्मन कॅप्लन यांनी १९६७ मध्ये आपले रुग्ण तपासून हा रोग फारच थोड्यांना असतो असे दाखवले. इतरांनाही तसेच आढळले. कॉन यांनी पुढे आपला आकडा निम्म्यावर आणला. पण पाठ्यपुस्तकांत स्थिरावला तो विरोधकांचा आकडा: एक टक्क्याहून कमी. ‘दुर्मिळ’ हा शेरा आला तो येथून.

शोधले तेवढे सापडले

आता विरोधकांच्या आकड्याची परीक्षा करू. रोग कोणाला आहे हे ठरवण्यासाठी बहुतेक डॉक्टर कोणाला तपासत होते? ज्याचे पोटॅशियम उतरले आहे त्याला. बाकीच्यांची अल्डोस्टेरॉनची चाचणी होतच नसे. ती त्या काळी अवघड आणि खर्चाची होती, हे मान्य. पण परिणाम असा झाला की पोटॅशियम उतरलेले रुग्णच सापडत गेले आणि त्यावरून ‘पोटॅशियम उतरल्याशिवाय हा रोग नसतोच’ हे मत पक्के होत गेले. मोठ्या भोकांचे जाळे टाकायचे आणि तळ्यात लहान मासे नाहीत असे म्हणायचे, त्यातला हा प्रकार.

जाळे बदलले तेव्हा चित्र बदलले. जपानमधील हिरामात्सु यांच्या गटाने १९८१ मध्ये अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचे गुणोत्तर ही सोपी चाळणी वापरली. ३४८ रुग्णांत त्यांना अल्डोस्टेरॉन स्रवणाऱ्या नऊ गाठी सापडल्या. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे रिचर्ड गॉर्डन यांच्या गटाने १९९० नंतर पोटॅशियमकडे न पाहता हीच चाळणी सरसकट लावली. त्यांना हा रोग एक टक्का नव्हे, तर दहा टक्क्यांच्या आसपास आढळला. इटलीत रोसी आणि सहकाऱ्यांनी नव्यानेच रक्तदाब निघालेले ११२५ रुग्ण तपासले आणि २००६ मध्ये ११.२ टक्के हा आकडा प्रसिद्ध केला. यांतल्या गाठवाल्या रुग्णांपैकीसुद्धा निम्म्यांहून कमी जणांचे पोटॅशियम उतरलेले होते. जुनी कसोटी लावली असती तर बाकीचे सुटलेच असते.

पण येथे कॉन यांच्या चाहत्यांनी विजयाची तुतारी फुंकण्याचे कारण नाही. त्या ११.२ टक्क्यांपैकी एका बाजूच्या गाठीचे रुग्ण ४.८ टक्केच होते. उरलेल्या ६.४ टक्क्यांत दोन्ही ग्रंथी एकंदरीत जास्त काम करत होत्या. तेथे काढून टाकण्याजोगी गाठ नसते; अल्डोस्टेरॉनचा परिणाम अडवणारे औषध द्यावे लागते. ते औषध, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन, १९५९ पासून उपलब्ध आहे. कॉन यांनी रोग सर्वत्र पसरलेला आहे म्हटले, ते बरेचसे खरे ठरले. पण तो गाठींच्या रूपाने पसरलेला आहे आणि सुरीने बरा होईल, हे खरे ठरले नाही. उत्तर जवळपास बरोबर आले, रीत मात्र चुकली होती. गणिताचे शिक्षक अशा उत्तराला किती गुण देतात, हे आम्ही सांगायला नको.

पहिल्या रुग्णाची सावली

मग एवढी वर्षे चूक का टिकली? आमच्या मते तिचे एक मूळ कॉन यांच्या यशातच आहे. त्यांची पहिली रुग्ण ही रोगाच्या टोकाची अवस्था होती: फार मोठी गाठ, फार उतरलेले पोटॅशियम, लुळे पडणारे पाय. तिच्यावरून रोगाचे वर्णन लिहिले गेले आणि तेच वर्णन रोगाची व्याख्या बनले. पुढच्या पिढीतले डॉक्टर तिच्यासारखे दिसणारे रुग्ण शोधत राहिले. वास्तविक कॉन यांनी स्वतः दहा वर्षांनी ही व्याख्या रुंदावण्याचा प्रयत्न केला. पण तो करताना त्यांनी असा आकडा आणि असा आधार दिला, की टीकाकारांनी आकड्याबरोबर मूळ कल्पनाही बाजूला सारली. ‘पोटॅशियम नेहमीइतके असूनही हा रोग असू शकतो’ हे त्यांचे विधान टिकाऊ होते. ते कमकुवत आकड्याला बांधले गेले आणि त्याच्याबरोबर बुडाले.

याची किंमत काय? रक्तदाब सारखाच असला तरी हा रोग असलेल्या माणसाला इतरांपेक्षा पक्षाघात, हृदयाची अनियमित लय आणि हृदयविकार यांचा धोका जास्त असतो. २०१८ मधील एका एकत्रित अभ्यासात पक्षाघाताचा धोका अडीच पटींहून अधिक आढळला. नेहमीच्या गोळ्या घेऊनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्यांची तरी ही चाचणी व्हावी, असे तज्ज्ञ सांगत आले आहेत. तरीही अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अशा अडीच लाखांहून अधिक रुग्णांपैकी दोन टक्क्यांचीसुद्धा ती झाली नव्हती, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. पुस्तकातला एक शब्द डॉक्टरच्या हाताला किती काळ अडवू शकतो, ते यावरून कळते. अखेर २०२५ मध्ये अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने उच्च रक्तदाबाच्या सर्वच रुग्णांची या रोगासाठी चाळणी करावी, असे सुचवले.

प्रश्न संपलेला मात्र नाही. २०२० मध्ये ब्राउन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गरजेपेक्षा जादा अल्डोस्टेरॉन रक्तदाब नसलेल्या लोकांतही ११ टक्क्यांच्या आसपास आढळते आणि रक्तदाब जसा अधिक तीव्र तसे हे प्रमाण वाढत जाऊन २२ टक्क्यांपर्यंत पोहोचते. मग ‘रोग आहे’ आणि ‘रोग नाही’ यांमधली रेघ कोठे ओढायची? उंच कोणाला म्हणायचे यासारखाच हा प्रश्न आहे. रेघ कोठे ओढली यावर टक्केवारी ठरते. कॉन आणि कॅप्लन यांच्या भांडणाचा मोठा भाग या रेघेचा होता, हे आज मागे वळून पाहताना स्पष्ट दिसते.

भारतातील प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली आयसीएमआर–इंडियाब पाहणी सांगते. या संख्येला इटलीतल्या ११.२ टक्क्यांनी गुणण्याचा मोह होईल. तो टाळावा. ते रुग्ण विशेष केंद्रांकडे पाठवलेले होते. आपल्याकडचे मीठ, खाणेपिणे, वय यांचे मान वेगळे. दुसऱ्याच्या अपूर्णांकाचा छेद न पाहता तो उचलणे, ही कॉन यांच्या वादातलीच चूक आपण पुन्हा करू.

वर्गासाठी

हा विषय वरच्या इयत्तांना शिकवताना एक तास पुढीलप्रमाणे घ्यावा, असे आम्हांला वाटते. फळ्यावर तीन विधाने लिहावीत. पहिले, ‘या स्त्रीच्या रोगाचे मूळ अधिवृक्कात आहे.’ दुसरे, ‘रक्तदाबाच्या वीस टक्के रुग्णांना हा रोग आहे.’ तिसरे, ‘हा रोग दुर्मिळ आहे.’ प्रत्येक विधानाखाली विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी लिहाव्यात: ते खोटे ठरवायला काय दिसावे लागले असते, आणि विधान करणाऱ्याने ते पाहिले होते का. पहिल्या विधानाला ‘होय’ असे उत्तर मिळेल. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला ‘नाही’ मिळेल, जरी त्यांपैकी एक विधान खळबळजनक आणि दुसरे सावध वाटत असले तरी. सावध वाटणारे विधानही न तपासलेले असू शकते, हे मुलांच्या ध्यानात आले तर तास सार्थकी लागला.

आणि तास संपण्यापूर्वी पाठ्यपुस्तकाचे ते पान उघडून, ‘दुर्मिळ’ या शब्दापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढायला सांगावे.